गाडी विजेची, पण प्लग कुठे? गिरगाव ते दादर : सार्वजनिक चार्जिंगची माहिती, सरकारी धोरणे आणि चाळीतल्या माणसाचा सवाल

मदनपुऱ्यात राहणारा माझा एक माजी विद्यार्थी डिलिव्हरीचे काम करतो. भायखळा, लालबाग, परळ, दादर हा त्याचा रोजचा पट्टा. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने विजेवरची स्कूटर घेतली. दिवसभर फिरून रात्री तो घरी येतो, सीटखालची बॅटरी काढतो, ती उचलून तीन जिने चढतो आणि घरातल्या प्लगला लावतो. त्याची आई म्हणते, "मला झोप लागत नाही, ते डबडं फुटलं तर?" खाली चार्ज करावी म्हटले तर खाली ना प्लग आहे, ना गाडी लावायला हक्काची जागा. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, सरकार म्हणतं इलेक्ट्रिक घ्या. घेतली. आता चार्ज कुठे करू?"

सवाल साधा आहे, पण दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या हजारो घरांचा आहे. म्हणून या विषयावर जी माहिती जमवली ती इथे एका ठिकाणी देत आहे. चार्जिंग म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, राज्याचे धोरण काय देते, आपल्या भागात अडचण कुठे आहे आणि सोसायटी, चाळ, ट्रस्ट यांना काय करता येईल, या क्रमाने पाहू.

मुंबईला विजेची गाडी नवी नाही

आज इलेक्ट्रिक गाडी म्हटली की नवीन काहीतरी वाटते. पण आपल्या आजोबा-पणजोबांनी विजेच्या गाडीतूनच प्रवास केला आहे. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. ट्राम चालवणारी कंपनीच शहराला वीजही देत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. दादर टी.टी. या नावातला 'टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. १९६२ ते १९७१ या काळात गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबसही धावत होत्या. डोक्यावर विजेची तार आणि खाली रबरी टायर.

हा इतिहास सांगायचे कारण असे की तेव्हा प्रवाशाला वीज कुठून येते याची काळजी नव्हती. तार रस्त्यावर होती आणि ती टाकण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेची होती. आज गाडी आपली, बॅटरी आपली, आणि प्लग शोधण्याची जबाबदारीही आपलीच झाली आहे. ज्याच्याकडे पार्किंग आहे त्याला ती जड जात नाही. ज्याच्याकडे नाही, त्याचे घोडे इथेच अडते.

चार्जिंगचे गणित

विजेच्या बिलात आपण 'युनिट' म्हणतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. साध्या स्कूटरची बॅटरी सुमारे ३ युनिटची असते आणि ती ८० ते १०० किलोमीटर चालते. छोट्या कारची बॅटरी २५ ते ३० युनिटच्या आसपास असते.

स्लो चार्जिंग : घरातला एसी किंवा गिझर ज्या मोठ्या प्लगवर चालतो, त्या १५-१६ अँपिअरच्या प्लगवरून सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेता येते. ३० युनिटच्या कारला यावर नऊ-दहा तास लागतात, म्हणजे रात्रभर. स्कूटर सोबतच्या चार्जरवर साधारण चार ते सहा तासांत भरते.

फास्ट चार्जिंग : मॉल, पेट्रोल पंप किंवा हायवेवर जी मोठी कपाटासारखी यंत्रे दिसतात ती. ३० किंवा ६० किलोवॅटची यंत्रे कारला तास-दीड तासात बऱ्यापैकी भरून देतात. ती महाग असतात आणि त्यांना विजेचा मोठा भार लागतो. कारसाठी आपल्याकडे आता 'सीसीएस-२' हा प्लग रूढ झाला आहे. बहुतेक स्कूटर मात्र या यंत्रांना लागत नाहीत. त्यामुळे नकाशावर चार्जिंग स्टेशन दिसले म्हणजे ते स्कूटरवाल्याच्या उपयोगाचे असेलच असे नाही.

बॅटरी बदल : रिकामी बॅटरी केंद्रावर द्यायची, भरलेली घ्यायची, दोन-चार मिनिटांत पुढे निघायचे. डिलिव्हरीवाल्यांना हे सर्वात सोयीचे. बॅटरीशिवाय गाडीची नोंदणी करायला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये परवानगी दिली. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी बदलाच्या धोरणाचा मसुदाही काढला. अडचण अशी की एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या गाडीत सहसा बसत नाही.

आता पैशांचा हिसाब पाहू. रोज १०० किलोमीटर फिरणारा मुलगा धरा. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०३ रुपये लिटर धरले, तर दिवसाचे २२५ ते २३० रुपये जातात. विजेवर तेवढ्याच अंतराला साडेतीन युनिट धरू. सार्वजनिक चार्जरवर १५ रुपये युनिट दर धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तरी ६२ रुपये होतात. रोजची बचत १६५ रुपये, महिन्याच्या २६ दिवसांची सव्वाचार हजारांच्या पुढे. एवढ्यात मुलांची शाळेची फी निघते. म्हणून हा विषय फक्त पर्यावरणाचा नाही, घरखर्चाचाही आहे.

या हिसाबात एक गोष्ट लपलेली आहे. घरगुती मीटरवरून चार्ज करणाऱ्याला विजेवर जीएसटी लागत नाही. सार्वजनिक चार्जिंग ही 'सेवा' धरली जाते, म्हणून तिथे १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ज्याच्या इमारतीत पार्किंग आणि प्लग आहे त्याला वीज स्वस्त, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला तीच वीज महाग. गाडी खरेदीवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला, तो चांगला निर्णय. पण चार्जिंगवरचा कर कमी झाला नाही, तर त्याचा भार चाळीत राहणाऱ्यावरच पडणार.

केंद्र सरकारचे नियम

१३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एक महत्त्वाचा खुलासा केला. गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे, त्यामुळे त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. यामुळे कोणालाही, दुकानदारालासुद्धा, नियम पाळून चार्जिंग स्टेशन सुरू करण्याचा रस्ता मोकळा झाला.

जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, गाडीमालक आपल्या घरच्या किंवा ऑफिसच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. दोन, शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन हवे आणि हायवेवर दर २५ किलोमीटरला एक. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या. त्यांत शहरांसाठी हा चौकोन २०३० पर्यंत १ किलोमीटर बाय १ किलोमीटर करण्याचे उद्दिष्ट आहे.

आणखी एक नियम प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार गाडी चार्ज करण्यासाठी ग्राहक स्वतंत्र वीजजोडणी मागू शकतो. महानगरांत नवी जोडणी देण्याची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आणली आहे. अर्थात कागदपत्रे पूर्ण हवीत, आणि नवी केबल किंवा इतर यंत्रणा उभारावी लागणार असेल तर वेळ जास्त लागू शकतो.

पैशांच्या बाबतीत एप्रिल २०१५ मध्ये 'फेम' योजना आली, एप्रिल २०१९ मध्ये १०,००० कोटी रुपयांची 'फेम-२' आली. त्याच योजनेतून मार्च २०२३ मध्ये तेल कंपन्यांना पेट्रोल पंपांवर ७,४३२ फास्ट चार्जर बसवण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. ऑक्टोबर २०२४ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह' सुरू झाली. तिच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी ठेवले आहेत.

महाराष्ट्राचे धोरण

राज्याचे पहिले धोरण २०१८ चे. दुसरे जुलै २०२१ मध्ये आले. त्यात २०२५ पर्यंत नव्या गाड्यांपैकी १० टक्के विजेवर आणण्याचे लक्ष्य होते. चार्जिंग स्टेशनचे शहरवार आकडेही दिले होते : बृहन्मुंबईत १,५००, पुण्यात ५००, नागपुरात १५०, नाशिकमध्ये १००. स्लो चार्जर बसवणाऱ्याला खर्चाच्या ६० टक्के, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि फास्ट चार्जरला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख रुपये अनुदान होते. नव्या निवासी इमारतींत निदान २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवावी असेही त्यात म्हटले होते.

तिसरे धोरण २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केले. ते मार्च २०३० पर्यंत लागू आहे. त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. गाडी खरेदीत ठराविक मर्यादेपर्यंत सूट, मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कात माफी, नव्या निवासी इमारतींत सर्व पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची अट, हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग, अशा गोष्टी त्यात आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या कार आणि बसना टोल माफ केला आहे.

यातली बरीच पावले चांगली आहेत. पण चाळीतल्या माणसाच्या नजरेने पाहा. टोलमाफी कारला आहे. अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर दुचाकीला जायलाच मनाई आहे. चार्जर बसवायचे अनुदान ज्याच्याकडे जागा आहे त्याला. पार्किंगची अट नव्या इमारतीला. जुन्या इमारतीत भाड्याने किंवा पागडीवर राहणारा स्कूटरवाला या यादीत फक्त खरेदीच्या वेळी दिसतो. गाडी घेतल्यावर तो कुठे चार्ज करणार, हा सवाल धोरणात जवळजवळ मोकळाच राहिला आहे.

आपल्या भागाची खरी अडचण

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात घरोघरी वीज देणारी मुख्य संस्था बेस्ट आहे. वीज इथे भरवशाची आहे. कमी आहे ती जागा.

गिरगावात खेतवाडी, ठाकूरद्वार घ्या; लालबाग-परळच्या गिरणगावातल्या चाळी घ्या; नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडी बाजारच्या जुन्या इमारती घ्या. यांतल्या बहुतेक स्वातंत्र्याच्या आधीच्या. तेव्हा कोणाकडे गाडी नव्हती, त्यामुळे पार्किंगचा विचारच नाही. गाड्या रस्त्याच्या कडेला, गल्लीत, जिथे जागा मिळेल तिथे. आज या दारात, उद्या त्या दारात. अशा ठिकाणी 'माझ्या पार्किंगमध्ये माझा चार्जर' हा विचारच लागू पडत नाही.

दुसरी अडचण वायरिंगची. जुन्या चाळींत मीटर तळमजल्यावर एका लाकडी फळीवर आणि तिथून वरपर्यंत गेलेल्या वायरी किती वर्षांच्या, कोणी सांगू शकत नाही. अर्थिंग अनेक ठिकाणी धड नसते. खोलीचा मंजूर भार पंखे, दिवे, फ्रिज एवढा धरून घेतलेला. त्यावर रात्री दहा घरांनी एकाच वेळी बॅटऱ्या लावल्या तर काय होईल, हे वायरमनला विचारून बघा.

तिसरी अडचण परवानगीची. सोसायटी असेल तर कमिटी म्हणते, आधी ठराव आणा. पागडीची इमारत असेल तर मालकाची परवानगी. ट्रस्टची असेल तर ट्रस्टींची. इमारत रिपेअर बोर्डाच्या यादीत असेल किंवा पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर "आता कशाला खर्च, नवी इमारत येतेय" असे उत्तर मिळते. नवी इमारत मात्र दहा-दहा वर्षे येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. दुसऱ्या शहरांत सार्वजनिक चार्जर ही वाटेत लागणारी सोय असेल. आपल्या भागात तो घरातला प्लग आहे, फक्त घराबाहेर असलेला. त्याकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे. एक किलोमीटरच्या चौकोनात एक स्टेशन हा नियम नकाशावर छान दिसतो. पण लालबाग ते परळ एवढ्या अंतरात किती माणसे राहतात याचा विचार करा. तिथे एका मॉलच्या तळघरात एक फास्ट चार्जर असला तर कागदावर नियम पूर्ण होईल आणि चाळीतला मुलगा बॅटरी घेऊन जिनेच चढत राहील. मोजायचे असेल तर पार्किंग नसलेल्या किती घरांमागे किती प्लग आहेत, हे मोजायला हवे.

जिन्यावरची बॅटरी आणि जिवाचा धोका

हा भाग भीती घालण्यासाठी लिहीत नाही, पण टाळताही येत नाही. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशात स्कूटरना आगी लागण्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेचा 'एआयएस-१५६' हा मानक कडक केला. तो १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. जुनी किंवा स्थानिक दुकानात जोडलेली बॅटरी घेताना हे लक्षात ठेवा.

ज्यांना आज घरातच चार्ज करावे लागते त्यांनी एवढे तरी पाळावे :

– कंपनीने दिलेलाच चार्जर वापरा. स्वस्तातला दुसरा घेऊ नका.
– एक्स्टेंशन बोर्ड नको. १५-१६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्या.
– गाडी चालवून आल्यावर लगेच लावू नका. बॅटरी थंड होऊ द्या.
– जिना, पॅसेज, दरवाज्याजवळ चार्ज करू नका. आग लागली तर बाहेर पडायचा तोच रस्ता असतो.
– झोपेत चार्जिंग नको. गादी, कपडे, गॅस सिलिंडरपासून दूर ठेवा.
– बॅटरी पडली, फुगली, भिजली किंवा वास आला तर पुन्हा लावू नका.
– धूर दिसला तर विझवत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, १०१ ला फोन करा.

आजवर काय झाले

काहीच झाले नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये दादर पश्चिमेला शिवाजी पार्कजवळच्या कोहिनूर सार्वजनिक वाहनतळात चार्जिंग स्टेशन सुरू झाले. एका वेळी सात गाड्या, चार फास्ट आणि तीन स्लो. महापालिकेच्या वाहनतळात अशी सोय होऊ शकते हे त्यातून दिसले.

बेस्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये विजेवरच्या पहिल्या बस आणल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची एसी डबलडेकर प्रवाशांसाठी सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या लाल डबलडेकरने निरोप घेतला. विजेच्या बसमुळे आगारांपर्यंत मोठ्या भाराच्या केबल पोहोचल्या. ही केबल सार्वजनिक पैशातून आलेली सार्वजनिक मालमत्ता आहे, हे विसरू नका.

दुसरीकडे दबावही वाढतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले. राज्य सरकारने त्यासाठी सात जणांची समिती नेमली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली. म्हणजे ही टॅक्सी विजेवरचीच हवी. ही टॅक्सी कोण चालवणार? आपल्याच गल्लीतली मुले. रोजगार येतोय, पण त्याचा प्लग अजून आलेला नाही.

जुन्या टॅक्सीवाल्यांना आठवत असेल. २००० च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. हवा सुधारली, इंधन स्वस्त झाले. पण पंप कमी होते, त्यामुळे टॅक्सीवाल्यांचे तासन्‌तास रांगेत गेले. त्या रांगेची किंमत ज्याचे पोट टॅक्सीवर होते त्याने मोजली. आधी प्लग, मग सक्ती, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

इतरांनी काय केले

केरळमध्ये वीज मंडळाने २०२१ मध्ये कोळिकोड शहरात विजेच्या खांबांवरच छोटे चार्जर बसवून पाहिले. स्कूटर आणि रिक्षासाठी. वेगळी जागा घ्यावी लागली नाही. नंतर ही सोय राज्यभर पसरवली. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना सॉकेट लावले आहेत, कारण तिथेही जुन्या वस्त्यांत घराला पार्किंग नाही. ॲम्स्टरडॅममध्ये पार्किंग नसलेला रहिवासी पालिकेकडे अर्ज करतो आणि जवळ चार्जर नसेल तर पालिका त्याच्या रस्त्यावर सार्वजनिक चार्जर उभा करते. दिल्लीच्या २०२० च्या धोरणात वीज कंपनीकडे एकाच ठिकाणी अर्ज करून चार्जर मागवायची आणि पहिल्या ३०,००० चार्जरना ६,००० रुपयांपर्यंत अनुदानाची सोय होती.

मुंबईच्या शहर भागात रस्त्यावरचे दिवे सांभाळणारी संस्थाही बेस्ट आणि घरात वीज देणारीही बेस्ट. खांबावरच्या चार्जरसाठी दोन खात्यांत फाइल फिरवायची गरज नाही. असे सोपे गणित दुसऱ्या शहरांना क्वचित मिळते.

आपण काय करू शकतो

सोसायटी असेल तर : सर्वसाधारण सभेत विषय घ्या. प्रत्येकाने वेगळी वायर ओढण्यापेक्षा एक सामायिक जोडणी आणि त्यावर दोन-चार स्लो पॉइंट, प्रत्येक पॉइंटला पोटमीटर, असे केले तर खर्च कमी आणि भांडण कमी. आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून भार तपासून घ्या. स्कूटरसाठी फास्ट चार्जर लागत नाही, साधा १५-१६ अँपिअरचा पॉइंट पुरतो.

चाळ असेल तर : तळमजल्यावर मीटरपासून थोडे दूर, पाऊस लागणार नाही अशा जागी, मोकळ्या हवेत दोन-तीन पॉइंटचा बंद पेटीचा स्टँड करता येईल. मालकाची लेखी परवानगी घेऊन बेस्टकडे चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी ठेवली आहे, अर्जात ती नमूद करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

ट्रस्ट, शाळा, मार्केट असेल तर : आपल्या मोहल्ल्यांत ट्रस्टच्या इमारती, शाळांची आवारे, हॉल भरपूर आहेत. रात्री बहुतेक रिकामी. तिथे रात्री दहा ते सकाळी सहा चार-सहा स्कूटर चार्ज करायची सोय झाली तर जिन्यावरच्या बॅटऱ्या खाली येतील. परवाना लागत नाही, हे वर पाहिलेच. शाळेच्या आवारात मात्र मुले यायच्या आधी गाड्या बाहेर गेल्या पाहिजेत आणि अग्निशमनाची सोय हवी, हे शिक्षक म्हणून सांगणे माझे काम आहे.

पुनर्विकास असेल तर : करारावर सही करण्याआधी पार्किंगमधल्या चार्जिंगचे कलम वाचा. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही काम चालू आहे. अशा प्रत्येक इमारतीत चार्जिंगची केबल सुरुवातीलाच पडली तर खर्च किरकोळ. नंतर स्लॅब फोडून टाकायची तर तो रहिवाशांच्याच खिशातून जाणार. कार पार्किंगबरोबर दुचाकीसाठीही पॉइंट लिहून घ्या. हे सहसा राहून जाते.

महापालिकेकडे मागायचे असेल तर : 'डी' वॉर्डात गिरगाव, 'ई' मध्ये भायखळा-नागपाडा, 'एफ दक्षिण' मध्ये परळ-लालबाग, 'जी उत्तर' मध्ये दादर येते. आपल्या वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या. मागणी नेमकी ठेवा : सार्वजनिक वाहनतळात रात्रीचा सवलतीचा पास आणि त्यासोबत स्लो चार्जिंग, रस्त्यावरच्या ठराविक खांबांवर दुचाकीसाठी सॉकेट, बेस्टच्या आगारांत डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्यांसाठी वेळ ठरवून चार्जिंग, आणि किती प्लग बसले, किती चालू आहेत याची वॉर्डनिहाय यादी. बंद पडलेला चार्जर नसल्यासारखाच. अर्जावर एकट्याची सही नको, गल्लीतल्या सगळ्यांची हवी. गिरगावातली अडचण आणि मदनपुऱ्यातली अडचण एकच आहे. मागणीही एकच झाली तर तिला वजन येते.

त्या विद्यार्थ्याला मी सध्या एवढेच सांगितले आहे की बॅटरी जिन्यातून उचल, खिडकीजवळ ठेव, जागा असेपर्यंतच लाव आणि झोपण्याआधी काढ. त्याच्या इमारतीतल्या अकरा जणांकडे आता अशा स्कूटर आहेत. अकरा जणांनी मिळून मालकाला आणि बेस्टला द्यायचा अर्ज आम्ही गेल्या रविवारी बसून मराठीत लिहिला. नऊ सह्या झाल्या आहेत, दोन जण गावाहून यायचे आहेत.